गोव्यातलं बुटीक हॉटेल : आईबाबांसाठी निवडताना नेमकं काय बघायचं?

मुग्धा_र
नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. दोघांनी आजवर प्रवास केला तो बाबांच्या ऑफिसच्या हॉलिडे होममध्ये राहून, नाहीतर नातेवाइकांकडे उतरून. आईला जुन्या घरांचं भारी वेड आहे. मालिकेत कुणाचा वाडा दाखवला की ती माणसं सोडून मागची कपाटं आणि दारं बघत बसते. म्हणून मी आणि भावाने ठरवलंय की ह्या वेळी दोघांना गोव्यात तीन रात्री एखाद्या लहानशा, देखण्या हॉटेलात पाठवायचं. खोलीला रात्रीचे दहा-बारा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

पण शोधायला बसले आणि चक्रावून गेले. आठ खोल्यांचं घर बुटीक, नव्वद खोल्यांची नवी इमारतही बुटीक! फोटो सगळ्यांचेच सुंदर. बाबांचा उजवा गुडघा बदललाय, डावा कुरकुरतो. समुद्राजवळ घ्यावं की गावात? जूनच्या पावसात पाठवणं शहाणपणाचं आहे का? आणि चांगलं ठिकाण घरबसल्या ओळखायचं कसं? अनुभव असतील तर मोकळेपणाने लिहा.

शार्दूल७७
वाचतोय. आम्हालाही डिसेंबरात जायचंय.

समुद्रवेडा
मुग्धा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिन्यातच आहे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि पाण्यात उतरायला मनाई असते. जीवरक्षक शिट्ट्या मारून बाहेर काढतात आणि ते बरोबरच करतात. दक्षिणेतल्या पाळोळे, आगोंदच्या वाळूवरच्या झोपड्या तर पावसाआधी चक्क उकलून ठेवतात. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात पक्कं बांधकाम करायला परवानगी नसते, त्यामुळे त्या मुळातच हंगामी परवान्यावर उभ्या असतात. म्हणजे जूनमध्ये 'समुद्रासमोर' म्हणून जास्तीचे पैसे मोजलेत तर मिळणार काय? काचेआडून दिसणारा करडा समुद्र. मला तोही आवडतो, तासन्‌तास बघू शकतो, पण आईंना दारं-कपाटं बघायची असतील तर गावातलं किंवा पणजीतलं घर घ्या. समुद्र बघायला एक संध्याकाळ मिरामारला जाऊन या.

जुना_प्रवासी
मी जरा वेगळं सांगतो. ह्या बुटीक प्रकारात पैसे जातात ते फोटोंसाठी. मागच्या दिवाळीत मुलीने आम्हाला अशाच एका गाजलेल्या ठिकाणी पाठवलं होतं. नाव घेत नाही. पलंग चार खांबांचा आणि इतका उंच की सौ.ला चढायला स्टूल मागवावं लागलं. आंघोळीचा टब खोलीच्या मधोमध, त्याला आडोसा नाही. कपडे टांगायला तीन खुंट्या. ओला टॉवेल वाळत घालायला जागाच नाही! रात्री साडेदहानंतर हॉटेलचा एकही माणूस आवारात नसायचा, फक्त एक फोन नंबर. वयस्कर माणसांना अशा वेळी धास्ती वाटते हो. त्यापेक्षा साधा होमस्टे घ्या. घरची मालकीण सकाळी विचारते तरी, झोप लागली का म्हणून.

निळाई
जुना_प्रवासी काका, तुमचा अनुभव वाईटच आहे, पण तो वाईट हॉटेलचा आहे. आम्ही पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंताइन्यासमध्ये, अशा एका जुन्या घरात राहिलो होतो. तिथल्या खिडकीसाठी मी पुन्हा जाईन. काचेऐवजी शिंपल्यांचे चौकोनी पातळ तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले. सकाळचं ऊन त्यातून येतं ते दुधाळ होऊन. नवरा झोपलेला आणि मी अर्धा तास नुसती भिंतीवरचा तो उजेड सरकताना बघत होते. असा उजेड आपल्या फ्लॅटमध्ये कुठून येणार? त्याचे पैसे मी आनंदाने दिले.

समुद्रवेडा
निळाई, त्या शिंपल्यांचे जीव अजून गोव्यात आहेत. झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत ते सापडतात. चपटे, जवळजवळ पारदर्शक. ओहोटीला बघायला मिळाले होते एकदा.

अपर्णा_के
'बुटीक हॉटेल' हा शब्द आला कुठून ते सांगते, म्हणजे मुग्धाचा गोंधळ थोडा कमी होईल. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर ह्यांनी 'मॉर्गन्स' नावाचं हॉटेल सुरू केलं. रुबेलने तेव्हा उपमा दिली, की मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, सगळ्यांसाठी सगळं ठेवणारी, आणि आमचं म्हणजे बुटीक, थोडंच पण निवडून ठेवलेलं. तिथून तो शब्द पसरला. त्यामुळे खोल्या किती ह्यापेक्षा तिथे कुणी काही *निवडलंय* का, हे बघायचं. कुणाची तरी नजर त्या घरावरून फिरलेली असते, ती आत शिरल्याबरोबर कळते.

मोठ्या हॉटेलांनाही नजर असू शकते बरं का. वांयगिणीच्या किनाऱ्यावरचं 'सिदाद द गोवा' वास्तुशिल्पी चार्ल्स कोरियांनी १९८२च्या सुमारास उभं केलं. भिंतींवर खोटी दारंखिडक्या आणि माणसं रंगवलेली, पोर्तुगीज गावाचा नाट्यप्रवेशच जणू. ते काही लहान नाही, पण निवड म्हणजे काय ते तिथे शिकावं.

जांभा
जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं मी गेली अठरा वर्षं करतो, त्यातली काही गोव्यात केलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोव्याचं जुनं घर जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि नंतर ते हळूहळू बाहेर सोडतो. त्याच्यावर चुन्याचा गिलावा असेल तर हा श्वासोच्छ्वास चालू राहतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही ही घरं दोनदोनशे वर्षं उभी आहेत ती ह्याच कारणाने. आता हॉटेल करताना घाईने सिमेंटचा गिलावा मारतात, वर चकचकीत प्लॅस्टिक रंग. पाणी आत कोंडतं. दोन पावसाळ्यांत भिंतीला फोड येतात, क्षार फुटतात आणि खोलीला तो ओळखीचा कुबट वास येतो. मग वास मारायला उदबत्त्या आणि सुगंधी तेलाचे दिवे. मुग्धा, पावसाळ्यात गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय शोधून वाचा. त्यात 'कुबट', 'ओल', 'दमट' असे शब्द सापडले तर ते घर सोडा, मग पलंग कितीही सुंदर असो. उलट जूनमध्येही कोरडं वाटलं असं कुणी लिहिलं असेल, तर तिथे मालकाने पैसा न दिसणाऱ्या जागी घातलाय हे नक्की.

दुसरं, बाबांच्या गुडघ्यांबद्दल. ह्या घरांचं जोतं उंच असतं, ओलीपासून वाचण्यासाठी. म्हणजे बाल्कांवच्या, दारासमोरच्या बसायच्या ओट्याच्या, पाच-सात पायऱ्या आल्याच, त्या बहुतेक ठिकाणी चुकत नाहीत. खरी अडचण न्हाणीघरात होते. पूर्वी खोलीला लागून संडास-बाथरूम नसायचं, ते नंतर बसवलंय. पाइपांना उतार द्यायला बाथरूमची जमीन सहा-आठ इंच वर घेतात आणि तिथे एक अडनिडी पायरी तयार होते. रात्री अर्धवट झोपेत माणूस पडतो तो तिथेच. फोन करून नेमकं हेच विचारा. पलंगाची उंचीही विचारा, जुना_प्रवासींचा मुद्दा अगदी रास्त आहे.

जमलं तर जाता-येता तोर्ड्याला 'हाउसेस ऑफ गोवा' संग्रहालय बघा. वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हांनी उभं केलेलं, जहाजासारख्या आकाराचं. आईंना बाहेर काढावं लागेल तिथून.

जुना_प्रवासी
जांभा, उत्तम माहिती. अठरा वर्षांच्या अनुभवाचा माणूस पलंगाच्या उंचीला अनुमोदन देतोय म्हटल्यावर मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, स्टुलाचंही लिहा, ते डगमगत होतं.

कोकणरेल
कसं जाणार ते कुणी विचारलंच नाही! उत्तर गोवा असेल तर थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव किंवा काणकोण. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे जुन्या वेळा धरून टॅक्सी सांगू नका. विमानाने जाणार असाल तर तिकिटावर मोपा आहे की दाबोळी ते बघा. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला, तो पार उत्तरेला आहे. तिथे उतरून पाळोळ्याला जायचं म्हणजे दोन-अडीच तास टॅक्सीत. आमच्या मेव्हण्यांचं हेच झालं.

माटोळी
मी गोव्याची. एरवी इथे नुसती वाचते, पण आज लिहावंसं वाटलं, कारण आमचं घरच आता असं हॉटेल आहे. नाव लिहीत नाही, जाहिरात व्हायला नको.

घर उत्तर गोव्यातल्या बार्देशात, पणजोबांनी बांधलेलं. आमचं हिंदूंचं घर, म्हणून रस्त्याकडे तोंड करून मिरवणारं नव्हे. मधे राजांगण, त्यात तुळस, भोवती चारी बाजूंनी खोल्या. शेजारचं किरिस्तांव घर बरोबर उलट. त्यांचा बाल्कांव रस्त्यावर, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायला. एकाच दगडाची, एकाच गवंड्याच्या हातची घरं, पण एकाचं मन आत आणि दुसऱ्याचं बाहेर. तुमच्या आईंना हे सांगा, मग त्या नुसत्या बघूनच घर कुणाचं ते ओळखतील.

आत्या गेली त्यानंतर घर बंद झालं. आमच्याकडे १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा, मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा. कायदा चांगलाच आहे, माझ्या आईला त्यामुळे मान होता. पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे सतरा वाटेकरी झाले आणि त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतात. कोणी मस्कतला, कोणी लिस्बनला, कोणी पुण्याला. गोव्यात इतकी देखणी घरं कुलूप लावून का पडलीत असं पाहुणे विचारतात, त्याचं अर्धं उत्तर ह्यात आहे. दर मे महिन्यात कौलं चाळावी लागतात. एक वर्ष चुकलं आणि माडीचा वासा कुजला. दुसऱ्या वर्षी राजांगणाच्या कोपऱ्यातला खांब कलला.

मग एक जोडपं आलं. त्यांनी घर विकत मागितलं नाही, भाड्याने मागितलं, पंधरा वर्षांसाठी. सह्या गोळा करायला मला दोन वर्षं लागली. अटी आम्ही दोनच घातल्या. देवघर बंद करायचं नाही, तुळशीपाशी रोज दिवा लागला पाहिजे. आणि चवथीला पाच दिवस हॉटेल बंद, घर आमचं.

आता दर वर्षी चवथीला आम्ही तीस-पस्तीस माणसं तिथे जमतो. माझी लेक ज्या खोलीत झोपते तिला हॉटेलने एका फुलाचं नाव दिलंय, आमच्यासाठी ती 'बाळंतिणीची खोली'च. गणपतीवर फळं-भाज्या टांगून माटोळी बांधतो ती लाकडी चौकट तेवढी त्यांनी हलवली नाही, बाकी सगळं रंगवलं. पहिल्या वर्षी मी परक्यासारखी दारात उभी राहिले होते. तिथल्या स्वयंपाक्याने आतून हाक मारली, 'बाय, या, नारळ खंय ठेवू?' तेव्हा रडू आलं.

तेव्हा काका, फोटोंसाठी पैसे जातात हे पूर्ण खरं नाही. आमच्या कौलांसाठीही जातात.

निळाई
माटोळी, काय लिहिलंयस. दोनदा वाचलं.

अपर्णा_के
बाळंतिणीची खोली! असं काही तरी त्या दारावर लिहायला हवं ना खरं तर.

जुना_प्रवासी
माटोळीताई, मी माझं वाक्य मागे घेतो. निदान अर्धं.

बार्देशकन्या
माटोळीच्या घरासारखी घरं वाचतायत ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ह्याच तालुक्यात राहणारी म्हणून दुसरी बाजूही लिहिते. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत तीन नव्या 'बुटीक' इमारती आल्या. जुनं काहीच नाही, फक्त कौलारू छप्पर आणि पिवळा रंग. प्रत्येक खोलीला वेगळा छोटा पोहण्याचा तलाव. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो आणि समोरून टँकर तलाव भरायला जातो. पहाटे पाचला टँकर, रात्री दोनला संगीत. पदेर सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, तर एका पाहुण्याने त्याच्या भोंग्याची तक्रार केली! तक्रारीनंतर तो त्या वळणावर भोंगा वाजवत नाही आणि आम्हाला पाव आल्याचं कळत नाही.

तेव्हा मुग्धा, कृपा करून खासगी तलावाची खोली घेऊ नकोस. जूनमध्ये तर आभाळातूनच इतकं पाणी पडतं.

समुद्रवेडा
अगदी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात. तिथे किनाऱ्यावर रात्री दिवे आणि आवाज नसलेलंच बरं. हॉटेलवाला 'आम्ही रात्री समुद्राकडचे दिवे मालवतो' म्हणाला तर त्याला मनातल्या मनात दोन गुण जास्त द्यावेत.

शार्दूल७७
खासगी तलावाच्या खोलीचंच बुकिंग करणार होतो डिसेंबरात. रद्द करतो. बायकोला हा धागा वाचायला देतो.

जांभा
बार्देशकन्या, पिवळ्या रंगाबद्दल एक. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चपुरता राखलेला असायचा असं सांगतात, म्हणून घरं पिवळी, निळी, तांबडी. आणि पावसानंतर दर वर्षी ती पुन्हा रंगवायची रीत होती. चुन्याचा रंग, त्यामुळे तो दर पावसाळ्यात थोडा उतरणारच. नव्या इमारतींना तसा उतरल्यासारखा रंग मुद्दाम देतात हल्ली.

मुग्धा_र
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. माटोळी, तुझी पोस्ट आईला फोनवर वाचून दाखवली. खूप वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, 'माझ्या आजोळच्या वाड्याच्या अशा सह्या कुणी गोळा केल्या असत्या तर.' तो वाडा पडला, तिथे आता सोसायटी आहे. मला हे तिचं दुःख आहे हेच माहीत नव्हतं.

आता पावसाळ्यातच आणि जुन्याच घरात, हे नक्की. फोनवर आणखी काय काय विचारू?

जांभा
तळमजल्याची खोली मिळेल का. बाथरूमला पायरी आहे का आणि असेल तर धरायला दांडी आहे का. वीज गेली तर पूर्ण घराला जनरेटर आहे की नुसता दिव्यापुरता इन्व्हर्टर. रात्री आवारात माणूस असतो का. आणि घर पूर्वी कुणाचं होतं, हे सहज विचारा. ज्याला ते सांगता येतं आणि सांगायला आवडतं, त्याच्याकडे जा. पर्यटन खात्याकडे नोंदणी असल्याचंही विचारून घ्या.

अपर्णा_के
आणि कराचं. संकेतस्थळावर बऱ्याचदा करावेगळा दर दिसतो. खोलीचा दर रात्रीला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे गेला की १८ टक्के. जूनमध्ये दर उतरलेले असतात. आम्ही डिसेंबरात सोळा हजारांची घेतलेली खोली जुलैत सात हजारांना मिळाली होती. म्हणजे दरही कमी आणि करही कमी.

बार्देशकन्या
तारीख कुठली? २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण असतो. डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालून लोक विहिरींत उड्या मारतात, नव्या जावयांचा तर मानच असतो. शिवोलीला सजवलेल्या होड्या येतात. शक्य असेल तर तो दिवस साधा.

कोकणरेल
जावई जुना असला तर चालतो का? ४० वर्षांचा?

बार्देशकन्या
चालतो! पण गुडघा बदललेल्या जावयाने काठावर उभं राहून कोपेल घालावं.

मुग्धा_र
मंडळी, आईबाबा परवा परतले. पणजीत जुन्या वस्तीतलं एक घर घेतलं, तळमजल्याची खोली. बाथरूमला पायरी होती, पण फोनवर विचारल्यामुळे हॉटेलवाल्यांनी आईबाबा पोचायच्या आधी दांडी बसवून घेतली. दोन दिवस धो धो पाऊस. मला इथे अपराधी वाटत होतं, म्हणून फोन केला तर बाबा म्हणाले, 'आम्ही व्हरांड्यात बसलोय, नंतर कर.' दोघं सकाळी नाश्त्यापासून जेवणापर्यंत नुसती बसायची तिथे. पावसाचं पाणी कौलांवरून अंगणात पडताना बघत. घरी दोघांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही.

सांजांवला गाडी करून शिवोलीला गेले. बाबांच्या डोक्यावर कुणीतरी कोपेल घातलं, फोटो आहे. ते कोपेल ते घरी घेऊन आलेत, सुकलंय तरी फेकू देत नाहीत.

एक तक्रार आहे ती सांगते. चहा फार पातळ आणि लहान कपात. आईने शेवटी स्वयंपाकघरात जाऊन स्वतः करून दाखवला.

आता आईचा प्रश्न, जांभा किंवा माटोळीसाठी. तिथली लाल जमीन आरशासारखी होती, अनवाणी पायांना गार लागायची. ती विचारतेय की ती चमक नुसत्या पुसण्याने येते की वरून काही लावतात?

माटोळी
आमच्याकडे आत्या खोबऱ्याचा चोथा फडक्यात बांधून घासायची, नारळाचं दूध काढून झाल्यावर उरायचा तो. मग कोरडं फडकं. पावसाळ्यात मात्र नाही, चिकट होते आणि मुंग्या येतात. आईंना सांग, दसऱ्यानंतर करायचं.